ऑफिसात अंध सहकारी रुजू होतोय: मशीन, सॉफ्टवेअर आणि फाइल्सची तयारी कशी करावी?

खिडकी_सीट

नमस्कार मंडळी. मी अंधेरीला चकाल्याच्या बाजूला एका मालवाहतूक कंपनीत आयटी सपोर्टला आहे. आमच्या बिलिंग-वसुली विभागात पुढच्या महिन्यात एक मुलगा रुजू होतोय, पूर्ण अंध आहे. मुलाखतीत सगळ्यांना आवडला, ऑफर गेली, आणि मग एचआरचा मला एका ओळीचा मेल आला: "आवश्यक ती व्यवस्था करावी." व्यवस्था म्हणजे नेमकं काय, हे विचारायला गेले तर ते माझ्याकडे बघतायत आणि मी त्यांच्याकडे. आमच्या साहेबांनी मोठ्या प्रेमानं सुचवलं की त्याला सत्तावीस इंची मॉनिटर देऊ.

त्याचं काम असं: ईआरपीमध्ये (म्हणजे कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) इनव्हॉइस शोधायचं, थकबाकीची एक्सेल शीट बघायची, पार्टीला फोन करायचा, मेल टाकायचा. ईआरपी ब्राउझरमध्ये चालतं, एक जुनं मॉड्यूल मात्र जावावर आहे. मीटिंगा टीम्सवर होतात. मशीनवर काहीही टाकायचं म्हटलं की सिक्युरिटीवाल्यांची परवानगी लागते.

विंडोज+यू दाबून ॲक्सेसिबिलिटीचं पान उघडून बघितलं. पर्याय भरपूर आहेत, पण त्यातलं कुठलं कोणाच्या कामाचं हे काही उमगत नाही. ज्यांनी हे वापरलंय किंवा लावून दिलंय त्यांनी प्लीज लिहा.

गुरुवारची_मिसळ

वाचतोय. मॉनिटर २७ इंची घेऊन मला पाठवा, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पहाटेची_लोकल

मी स्वतः अंध आहे. फोर्टला एका बँकेत कर्ज विभागात काम करतो.

खिडकी_सीट ताई, आधी त्या मुलालाच फोन लावा. एनव्हीडीए वापरतो की जॉज (दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर), लॅपटॉपच्या कीबोर्डची सवय आहे की मोठ्या, ब्रेल डिस्प्ले आहे का, सगळं पाच मिनिटांत कळेल. इथे आम्ही दहा जण दहा गोष्टी सांगू आणि वापरणार तो आहे. गंमत म्हणजे हा फोन सहसा कोणी करत नाही. "त्याला कसं वाटेल" म्हणून आपसातच कुजबुजतात.

आता तांत्रिक. एनव्हीडीए फुकट आणि मुक्तस्रोत आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणानं ते सुरू केलं. जॉज विंडोजवर १९९५ पासून आहे आणि त्याचा परवाना महाग पडतो. फुकट म्हणजे दुय्यम असं साहेबांना वाटू देऊ नका. मी दिवसभर एनव्हीडीएवरच असतो. जुनाट सॉफ्टवेअरसाठी खास स्क्रिप्ट लिहून घ्यायच्या असतील तर जॉजचा विचार करा.

पेन ड्राइव्हवरून पोर्टेबल कॉपी चालवून "झालं काम" म्हणू नका. ॲडमिन परवानगी मागणारी खिडकी आली की पोर्टेबल कॉपी मुकी होते. नीट इन्स्टॉल करा. मग एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये, जनरलमध्ये, साइन-इनच्या पडद्यावर एनव्हीडीए सुरू करायचा पर्याय आहे, तो चालू करा. तिथेच जपलेली सेटिंग्ज साइन-इनच्या पडद्यावरही वापरायचं बटण आहे. त्याला ॲडमिन हक्क लागतात, म्हणजे ते काम तुमचंच. नाहीतर पासवर्ड टाकताना त्याला भलताच आवाज आणि भलताच वेग मिळेल. एनव्हीडीए काही कारणानं बंद पडलं तर विंडोज+कंट्रोल+एंटर दाबून नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, सुरू होतो, तो पर्याय पॉलिसीनं बंद केलेला नाही ना एवढं बघा.

फोनचं काम आहे म्हणून एक खास गोष्ट. एनव्हीडीएच्या २०२४.२ आवृत्तीपासून आवाज कानांत वाटून घेता येतो. एनव्हीडीए+ऑल्ट+एस (एनव्हीडीए की म्हणजे सहसा इन्सर्ट) दाबत गेलं की स्क्रीन रीडर एका कानात, बाकी सगळं दुसऱ्या कानात. डाव्या कानात पार्टी "चेक कालच पाठवला" म्हणत असते आणि उजव्या कानात मी तिचं खातं ऐकत असतो. त्यामुळे हेडफोन दोन कानांचा द्या. कॉल सेंटरचा एककानी स्वस्तात मिळतो म्हणून तो उचलू नका.

आणि डॉक, म्हणजे लॅपटॉपला मॉनिटर-कीबोर्ड जोडायचा डबा. हेडफोनची पिन जरा हलली की विंडोज आवाज एचडीएमआयवरून मॉनिटरकडे पाठवतं. मॉनिटरला बहुतेक वेळा स्पीकरच नसतो. तुमच्या दृष्टीनं मशीन ठणठणीत, त्याच्या दृष्टीनं मशीन मेलेलं. अशा वेळी हेल्पडेस्कला तिकीट टाकायला सांगू नका, तिकीट टाकायलाही आवाजच लागतो. थेट एक्स्टेन्शन नंबर देऊन ठेवा.

गुरुवारची_मिसळ

हे डॉकचं कधी डोक्यातही आलं नसतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

लाल_दिवा

सिक्युरिटीत आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचणारं आणि दाबलेली प्रत्येक की ऐकणारं सॉफ्टवेअर. आमच्या यादीत असलं काही दिसलं की आम्ही आधी नाही म्हणतो आणि कारण मागाहून शोधतो. पण आमच्याकडे एकदा हे मंजूर झालंय, ते कसं झालं ते सांगतो.

इन्स्टॉलर फक्त अधिकृत साइटवरून घ्या, डिजिटल सही तपासा, नवी आवृत्ती मध्यवर्ती पद्धतीनं ढकला. लॉगची, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः ठेवतं त्या नोंदींची, पातळी महत्त्वाची आहे. एनव्हीडीएच्या लॉगला "इनपुट/आउटपुट" पातळी दिली तर दाबलेल्या की आणि बोललेला मजकूर दोन्ही लॉगमध्ये उतरतात. नेहमीच्या पातळीला तसं होत नाही, तेव्हा ती तशीच ठेवा. ॲड-ऑन म्हणजे एनव्हीडीएला वरून जोडायचा पायथॉनचा कोड, तो वापरणाऱ्याच्या हक्कांनिशी चालतो. म्हणून मंजूर ॲड-ऑनची छोटी यादी करा आणि यादीबाहेरचं हवं असेल तर विचारायला सांगा. २०२५.१ पासून दुसऱ्याच्या मशीनवर दुरून जोडून घ्यायची सोयही आतच आली आहे, नको असेल तर ती बंद ठेवा.

पासवर्डच्या खोक्यात एनव्हीडीए अक्षरं बोलत नाही, "स्टार स्टार" म्हणतं. आमच्या मॅनेजरांना ते प्रत्यक्ष ऐकवलं आणि फाइल हलली.

पहाटेची_लोकल

लाल_दिवा, राग कसला? तुमच्यासारखा एक जण आमच्याकडे असता तर माझी पहिली नोकरी सुखाची झाली असती. तिथे मंजुरी येईपर्यंत मी रोज ऑफिसात येऊन बसत होतो, पगार घेत होतो आणि मशीनला हात लावू शकत नव्हतो.

तिथलाच एक किस्सा. एनव्हीडीएमध्ये स्क्रीन कर्टन नावाची सोय आहे, त्यानं पडदा पूर्ण काळा होतो. मला पडदा लागतच नाही आणि मागून जाणाऱ्याला ग्राहकाचं खातं दिसू नये, म्हणून मी तो लावून ठेवायचो. हेल्पडेस्कचा मुलगा यायचा, काळा पडदा बघायचा, केबल बदलून जायचा. मी टाइप करतोय, मशीन बोलतंय, तरी त्याची खात्री की मॉनिटर गेलाय! ताई, तुमच्या टीमला हे आधीच सांगून ठेवा.

आवाजाच्या वेगाचंही सांगा. आम्ही ज्या वेगानं ऐकतो तो शेजारच्याला नुसता किरकिराट वाटतो. "बिघडलंय का?" म्हणून कोणी येऊन वेग कमी करून जाऊ नये.

रोखठोक

सगळं ठीक आहे, पण एक विचारतो. एका माणसासाठी अख्ख्या ऑफिसनं आपली पद्धत बदलायची? त्याला सॉफ्टवेअर द्या, मशीन द्या, प्रश्न मिटला. उद्या म्हणाल एक्सेलपण त्याला विचारून बनवा.

पहाटेची_लोकल

हो, एक्सेलवर येतोच आहे.

थकबाकीची शीट घ्या. वर चार ओळींत कंपनीचं नाव, लोगो, "दिनांक रोजीची स्थिती", सगळं मर्ज केलेलं. मग शीर्षकं दोन ओळींत, त्यातली वरची पुन्हा मर्ज. मी बाणानं खाली जातो आणि एनव्हीडीए म्हणतं: "४८२००, डी १७." कोणाचे? कशाचे? थकीत की जमा? अकरा ओळी वर जाऊन शीर्षक ऐकायचं, परत खाली यायचं, तोवर ओळ विसरलेली असते.

शीर्षकांची एकच ओळ असेल आणि मर्ज काही नसेल, तर तिच्या पहिल्या सेलवर जाऊन एनव्हीडीए+शिफ्ट+सी दाबलं की स्तंभांची शीर्षकं ठरतात. पार्टीच्या नावांच्या स्तंभासाठी तसंच एनव्हीडीए+शिफ्ट+आर. त्यानंतर त्याच सेलवर गेलो की पार्टीचं नाव, "९० दिवसांवरील थकबाकी" आणि मग आकडा ऐकू येतो. हे फाइलमध्येच जपलं जातं, दर वेळी करावं लागत नाही. मर्ज केलेलं दिसायला हवंच असेल तर फॉरमॅट सेल्समध्ये "सेंटर अक्रॉस सिलेक्शन" आहे. दिसतं तसंच, सेल मात्र शाबूत राहतात.

आणि रंग. "लाल ते थकीत, हिरवे ते आले" ही चाल मला शून्य कळते. बाजूला एक स्तंभ टाका, "थकीत" किंवा "जमा" लिहा. मग फिल्टरही लागतो. रोखठोक साहेब, फिल्टर तुम्हालाही लागत असेल ना?

दादरकर_काकू

रोखठोक, त्या रंगांत आमच्या ऑफिसातले एक डोळस गृहस्थही अडकतात. लाल-हिरव्यात गल्लत होते त्यांची, आणि वर्षानुवर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

माझं थोडं वेगळं आहे. मधुमेहानं डोळ्यांचा पडदा खराब झाला, मधलं बरंचसं धूसर दिसतं. मला स्क्रीन रीडर नको असतो, मला मोठं आणि गडद हवं असतं. आणि आयटीवाल्या मुलांना "मोठं" म्हटलं की ते रिझोल्यूशन कमी करून देतात. त्यानं अक्षरं मोठी होतात आणि वर फुटतात, म्हणजे होतं तेही गेलं.

विंडोजमध्ये या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टेक्स्ट साइज फक्त अक्षरं वाढवतो, २२५ टक्क्यांपर्यंत. डिस्प्लेचं स्केल सगळंच वाढवतं. आणि मॅग्निफायर म्हणजे भिंग, विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबलं की चालू, विंडोज+एस्केपनं बंद. मी स्केल १५० वर ठेवते आणि बारीक आकडे आले की भिंग काढते. कंट्रोल+ऑल्ट+एलनं भिंग माउसबरोबर फिरतं, कंट्रोल+ऑल्ट+डीनं पडद्याच्या वर पट्टी बनून बसतं. पांढऱ्या पडद्याची तिरीप डोळ्यांत जात असेल तर भिंग चालू असताना कंट्रोल+ऑल्ट+आय दाबा, रंग उलटे होतात. माउसचा बाण मोठा आणि पिवळा करून घ्या, टाइप करायच्या जागीही रंगीत खूण लावता येते. ती खूण मला कुणी सांगेपर्यंत मी कर्सर शोधण्यात अर्धा दिवस घालवत असे.

आणि खिडकी_सीट बाळ, तुमच्याकडे कंपनीचा वॉलपेपर नि थीम पॉलिसीनं लावतात का गं? आमच्याकडे लावायचे. मी काँट्रास्ट थीम लावून घरी जायची, सकाळी बघावं तर पुन्हा कंपनीचा निळा. अशा माणसांना त्या पॉलिसीतून वगळावं लागतं.

खिडकी_सीट

काकू, हो, लावतो! आजच त्याच्यासाठी वेगळा गट केला. आमच्याकडे बसायच्या जागाही रोज बदलतात, त्यामुळे सेटिंग्ज माणसाबरोबर फिरायला हव्यात. एनव्हीडीएचं सगळं रोमिंग ॲपडेटामधल्या फोल्डरात असतं, ते प्रोफाइलबरोबर जाईल असं केलं. जागा मात्र त्याला कायमची एकच द्यायची ठरली.

त्याला फोनही केला. एनव्हीडीएच वापरतो. मोठा मॉनिटर नको, मोठा कीबोर्ड हवाय, आकड्यांच्या पट्टीसकट. साहेबांना तसं कळवलंय.

डावा_हात

अपघातात उजवा हात गेला. ठाण्याला डिझाइन ऑफिसात आहे. या धाग्यावर बहुतेक सगळं दृष्टीचं चाललंय म्हणून थोडी भर.

शिफ्ट पाच वेळा दाबलं की जी खिडकी वर येते आणि सगळे वैतागून बंद करतात ना, ती स्टिकी कीज. तिच्यामुळे कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकामागून एक दाबता येतात. माझी अर्धी नोकरी त्यावर आहे. काही ऑफिसांत मशीन तयार करतानाच हा शॉर्टकट बंद करतात, "लोकांना त्रास होतो" म्हणून. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी फिल्टर कीज आहे, उजवं शिफ्ट आठ सेकंद धरायचं. चुकून दोनदा लागलेली की ते सोडून देतं.

मराठीत मजकूर लांब असेल तर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून कंट्रोल+शिफ्ट+एस, भाषा मराठी निवडा आणि बोला. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, पण एका हाताने पान टाइप करण्यापेक्षा परवडतं. खुल्या ऑफिसात बसून "आदरणीय महोदय" मोठ्यानं बोलायला सुरुवातीला लाज वाटते. मग शेजाऱ्यांना सवय होते.

फाईल_नंबर_गहाळ

आमचं सरकारी कार्यालय, त्यामुळे दुखणं निराळं. आमच्या निम्म्या जुन्या टिपण्या नि नमुने श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. फॉन्टनं त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो, इतकंच. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. आमच्याकडच्या अंध लिपिकानं एकदा मला हेडफोन दिला. कार्यालयीन आदेश वाचला जात होता आणि ऐकू येत होतं "एल के कंस स्लॅश". मी हेडफोन काढून ठेवला.

उपाय म्हणजे युनिकोड. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घालावे लागतात. आम्ही आधी रोजच्या वापराचे नमुने बदलले, जुन्या फाइली लागतील तशा.

दुसरं, सही-शिक्क्याचं स्कॅन केलेलं पीडीएफ. तो नुसता फोटो. मूळ वर्ड फाइल बरोबर जोडा म्हणून मी सांगून थकलो. आणि वर्डमधून पीडीएफ करताना "प्रिंट टू पीडीएफ" करू नका, शीर्षकं नि तक्त्यांची रचना निघून जाते. "सेव्ह ॲज" मधून पीडीएफ निवडा आणि ऑप्शन्समध्ये डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्जच्या खोक्यात टिक आहे ना बघा.

पहाटेची_लोकल

फाईल_नंबर_गहाळ, "एल के कंस स्लॅश" वाचून हसू आलं आणि जुने दिवसही आठवले.

पुरवणी: मजकूर युनिकोडमध्ये असला तरी वर्डमध्ये त्याची भाषा मराठी म्हणून लावलेली हवी. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक आवाज मराठी बोलतो आणि भाषेची खूण असेल तर मराठी-इंग्रजी आपोआप बदलतो. आवाज रोबोसारखा आहे, पण वेगात स्पष्ट राहतो, म्हणून जुनी मंडळी त्यालाच धरून असतात.

शांत_झरा

मी कर्णबधिर आहे, लोअर परळला ॲनिमेशनमध्ये काम करते. मला मशीन नीट आहे, मीटिंग नीट नाही.

टीम्समध्ये लाइव्ह कॅप्शन लावली तरी मीटिंगची बोलीभाषा कोणती ते सेटिंगमध्ये ठरवावं लागतं आणि ती सगळ्यांसाठी एकच असते. आमची मंडळी वाक्य मराठीत सुरू करतात, हिंदीतून जातात आणि इंग्रजीत संपवतात. भाषा इंग्रजी ठेवली की मराठी वाक्याच्या जागी इंग्रजी शब्दांची खिचडी येते. मी शेवटी टीमला एवढंच मागितलं की कोणत्याही एका भाषेत बोला आणि ठरलेलं काम चॅटमध्ये टाका. समोरासमोर बसलो तर मी फोन टेबलावर ठेवते, अँड्रॉइडचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी घेतं. फोन बोलणाऱ्याजवळ हवा आणि पंखा डोक्यावर नको.

विंडोज ११ मध्ये विंडोज+कंट्रोल+एलनं कुठल्याही इंग्रजी व्हिडिओला कॅप्शन येतात. सूचना आली की पडदा लखलखायचा पर्यायही आहे, ऑडिओच्या पानावर. ज्यांना एकाच कानानं ऐकू येतं त्यांच्यासाठी तिथेच मोनो ऑडिओ आहे. दुभाषी असेल तर त्याची खिडकी पिन करू द्या, स्क्रीन शेअर झाला की तो चिमुकला होऊन कोपऱ्यात जातो.

कॅमेरा बंद करून बोलणाऱ्यांना काय सांगावं कळत नाही. मी ओठ वाचते हो.

सनदी

कायद्याचं थोडक्यात, कारण एचआरला मेल लिहिताना उपयोगी पडेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू १९ एप्रिल २०१७ पासून, त्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे. कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण लागतं, खासगी असली तरी. २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात कोणत्या सोयी देणार हे लिहावं लागतं आणि संपर्क अधिकारी नेमावा लागतो. ताई, तुमच्या एचआरला विचारा की आपलं धोरण कुठे आहे. बहुधा ते तुम्हालाच टेम्पलेट शोधायला सांगतील.

सॉफ्टवेअरसाठी भारतीय मानक आहे, आयएस १७८०२, दोन भागांत, २०२१ आणि २०२२. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेबाबतचा (ॲक्सेसिबिलिटीचा) नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष आखायला सरकारला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ ला केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हे कलम २१ संविधानातलं, वरचं कायद्यातलं. गोंधळू नका, माझे विद्यार्थी दर वर्षी गोंधळतात.

रोखठोक

मर्ज सेलवाला मुद्दा पटला. आमच्या एमआयएसवाल्याला (रिपोर्ट बनवणाऱ्याला) पाठवलाय. बाकीचं बघू.

खिडकी_सीट

रोखठोक, पुढारलात की!

आज माउस काढून ठेवला आणि ईआरपी फक्त कीबोर्डवर चालवून बघितलं. लॉगिन होतं. इनव्हॉइस शोधायच्या पानावर तारखेचं कॅलेंडर माउसशिवाय उघडतच नाही आणि खोक्यात टाइप करू देत नाही. फ्लॉपीच्या चित्राचं जे सेव्ह आहे त्याला एनव्हीडीए नुसतं "बटण" म्हणतं, शेजारच्या डिलीटलाही "बटण"च. काही चुकलं तर खोक्याची कड लाल होते, बोलत काहीच नाही. आणि पाच मिनिटं शांत बसलं की न सांगता बाहेर फेकतं. जावाचं मॉड्यूल तर पूर्ण गप्प.

व्हेंडरला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, आम्ही कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं विजेट लावून देतो, एका ओळीचा कोड आहे."

लाल_दिवा

विजेट घेऊ नका. एक तर बाहेरच्या सर्व्हरवरचा कोड तुमच्या बिलिंगच्या पानात येईल, त्याला मीच नाही म्हणेन.

पहाटेची_लोकल

आणि त्याचा उपयोगही नाही. अक्षर मोठं करणं, रंग बदलणं हे आमच्या मशीनवर आधीच आहे. ज्या बटणाला नाव नाही त्याला विजेट बाहेरून बरोबर नाव कुठून देणार? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ च्या जानेवारीत ॲक्सेसिबी या विजेट कंपनीला असल्याच दाव्यांवरून दहा लाख डॉलर भरायला लावले. त्या बातमीचा दुवा व्हेंडरला पाठवा.

त्याला तक्रार अशी द्या की टाळता येऊ नये. पान कोणतं, कोणत्या की दाबल्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि डब्ल्यूसीएजीचा (वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय नियमावली) कोणता निकष. तुमच्यासाठी: कॅलेंडर २.१.१, बटणाचं नाव ४.१.२, चूक कळवणारा संदेश ३.३.१, वेळ संपणं २.२.१. शेवटच्या निकषात वेळ संपण्याआधी सांगायचं आणि मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यायचे असं आहे. चारही सर्वांत खालच्या, म्हणजे ए पातळीचे आहेत. "ॲडव्हान्स फीचर आहे मॅडम" म्हणाला तर हे सांगा. पुढच्या करारात सुगम्यतेचा अहवाल मागा, आणि अहवालावर न थांबता डेमो कीबोर्डवर द्यायला लावा.

जावासाठी जावा ॲक्सेस ब्रिज (जावाचा मजकूर स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचवणारा दुवा) चालू करावा लागतो, तो बऱ्याचदा बंद असतो. जावाच्या बिन फोल्डरात जॅबस्विच आहे, त्याला एनेबल सांगून एनव्हीडीए नि मॉड्यूल दोन्ही पुन्हा सुरू करा.

खिडकी_सीट

जॅबस्विच चाललं! मॉड्यूल बोलायला लागलं. सगळं नाही, पण यादी आणि मेन्यू बोलतात.

गुरुवारची_मिसळ

माझ्या चुलतभावाला हे शिकायचंय, मुंबईत कुठे?

पहाटेची_लोकल

झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठी रिसोर्स सेंटर आहे, २००३ पासून. वरळीला नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, आहे. दोन्हीकडे आधी फोन करून जा.

शांत_झरा

ऐकण्या-बोलण्याचं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था.

खिडकी_सीट

धागा वर काढतेय, कारण तो रुजू झालाय. व्हेंडरनं तारखेचं खोकं टाइप करण्याजोगं केलं. सेशनची वेळ आमच्याच सर्व्हरवर होती, ती वाढवली आणि आधी इशारा येईल असं केलं. बटणांची नावं पुढच्या पॅचमध्ये म्हणतोय, तोवर कंट्रोल+एसवर भागवतोय. एक्सेलचा नवा नमुना विभागानं वापरायला घेतला. व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकायची सवय काही जात नाही. तो प्रत्येक वेळी "फोटोत काय आहे?" असं विचारतो, आणि आता लोक स्वतःच आकडे टाइप करायला लागलेत.

एक राहिलंच होतं: हजेरीचं मशीन. टचस्क्रीन आहे, बोलत नाही. बोट कधी ठेवायचं आणि लागलं की नाही, काहीच कळत नाही. सध्या वॉचमन काका सांगतात. बोलणारं मशीन कोणी बसवलंय का?

दादरकर_काकू

आमच्या मशीनमध्ये आवाज होता, पण सेटिंगमध्ये शून्य करून ठेवलेला. रांगेतल्या लोकांना कटकट होते म्हणे. तुमच्याही मशीनचा ॲडमिन मेन्यू उघडून व्हॉइसचा पर्याय आहे का बघा.

डावा_हात

नसेल तर मोबाइलच्या हजेरी ॲपचा पर्याय मागा. पण ते ॲप आधी टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) लावून त्याच्याच हातात द्या, विकत घेण्याआधी.